अलकापुरीतून रहस्यकथा, दुसऱ्या नावानं

9 नोव्हेंबर 1874 च्या सकाळी बडोद्याचा ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर फिरून परतला. टेबलावर रोजच्याप्रमाणे पपनसाचं सरबत ठेवलेलं होतं. दोन-तीन घोट घेतले आणि त्याला मळमळू लागलं. उरलेलं सरबत त्यानं फेकून दिलं, तेव्हा पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. मुंबईच्या सरकारी रसायनतज्ज्ञानं तपासणी केली आणि त्या गाळात सोमल आणि बारीक चकाकणारी पूड असल्याचं कळवलं. ती पूड हिऱ्याची, असं पुढे चौकशीत मांडलं गेलं. तपासाला मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आले. संशय थेट बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर गेला. 1875 मध्ये तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्यांच्या आयोगासमोर सुनावणी झाली, महाराजांच्या बाजूनं लंडनहून आलेले वकील सार्जंट बॅलंटाइन उभे राहिले, आणि आयोगाचं मत तीन विरुद्ध तीन असं फुटलं. तरीही मल्हाररावांना गादीवरून दूर करण्यात आलं. त्यांच्या जागी कवळाण्याहून आणलेला मुलगा दत्तक घेतला गेला, तेच सयाजीराव तिसरे.

सरबत देणारे नोकर, लाच, फितूर झालेले साक्षीदार, राजकारणाच्या सावलीतला तपास आणि न सुटलेला निकाल. रहस्यकथेला लागतं ते सगळं या शहराच्या दप्तरात पडून आहे. मराठी साहित्य संमेलनंही इथे 1909, 1921, 1934 आणि 2018 अशी चार वेळा भरली. मराठी वाचणारी, लिहिणारी घरं आहेत. त्यातलं एखादं घर शहराच्या अलकापुरी भागात असतं, आणि त्या घरातल्या कुणाला तरी खुनाची, फसवणुकीची, पोलीस तपासाची कादंबरी लिहायची असते, पण ती स्वतःच्या नावानं नको असते. कारण बँकेतली नोकरी असेल, दवाखान्यातले पेशंट असतील, वकिलीतले अशील असतील, किंवा सासरची माणसं. बडोद्यातला मराठी समाज एकमेकांना ओळखतो. लग्नकार्यात, गणेशोत्सवात, नाटकाच्या प्रयोगाला तेच चेहरे भेटतात. कादंबरीतल्या लोभी मामाचं वर्णन वाचून चार खरे मामा रागावतील, ही भीती खोटी नाही.

टोपणनावाची गरज इथूनच निर्माण होते. ते नाव नुसतं सुचून भागत नाही. त्यामागे कागदपत्रं, पैसा, कायदा आणि रोजची शिस्त यांची एक व्यवस्था उभी करावी लागते. ती पहिल्या पुस्तकाआधी उभी राहिली तर पुढची वीस वर्षं लेखकाचं लक्ष गोष्टीवर राहतं.

पहिला प्रश्न असा: नाव नेमकं कुणापासून लपवायचं आहे? मराठीत याची दोन वेगळी वळणं दिसतात. कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर, आरती प्रभू म्हणजे खानोलकर, हे वाचकाला ठाऊक असतं. ते उघडं टोपणनाव. इंग्रजीत रूथ रेंडेलनं 1986 पासून बार्बरा व्हाइन या नावानं वेगळ्या धाटणीच्या कादंबऱ्या लिहिल्या, पण ओळख लपवली नाही. कोणत्या नावाच्या पुस्तकात काय मिळेल एवढंच वाचकाला कळावं, हा हेतू. दुसरं वळण बंद टोपणनावाचं. 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं ते विभावरी शिरूरकर या नावानं. लेखिका होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर. प्रौढ कुमारिकांच्या मनातलं त्यांनी इतकं स्पष्ट लिहिलं की महाराष्ट्रात वादळ उठलं आणि विभावरी कोण याचा शोध सुरू झाला. त्या शिक्षणसंस्थेत काम करत होत्या. भोवतालच्या मुलींची आयुष्यं ओळखू येण्याचा धोका होता. त्या काळात ते नाव नसतं तर ते पुस्तक तसं लिहिलंच गेलं नसतं, असं वाटतं.

अलकापुरीतल्या लेखकानं यापैकी कोणतं वळण आपलं, हे आधी ठरवावं. शेजाऱ्यांनी विचारू नये एवढंच हवं असेल तर उघडं किंवा अर्धवट उघडं नाव पुरतं, आणि त्याला कष्टही कमी पडतात. नोकरीचा प्रश्न असेल तर मात्र टोपणनावावर विसंबून चालणार नाही. सरकारी, निमसरकारी, बँकेच्या नोकरीत सेवानियम असतात; नाव बदललं म्हणून ते नियम बदलत नाहीत. आपल्या खात्याचे नियम वाचावेत, साहित्यिक लेखनाला परवानगी लागते का ते पाहावं, लागत असेल तर लेखी घ्यावी. डेव्हिड कॉर्नवेल ब्रिटिश गुप्तचर खात्यात असताना 1961 मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली. त्या नोकरीत स्वतःच्या नावानं छापता येत नव्हतं, म्हणून ते जॉन ल कारे झाले. खात्याला मात्र ते लिहितात हे माहीत होतं. वरिष्ठांना माहिती आणि वाचकांपासून गुप्तता, ही जोडणी सगळ्यात सुरक्षित.

अलकापुरीचा मुख्य रस्ता आर. सी. दत्त यांच्या नावाचा आहे. रमेशचंद्र दत्त आयसीएस अधिकारी होते, बडोदा संस्थानचे दिवाण झाले आणि 1909 मध्ये इथेच वारले. शिवकाळावरची बंगाली कादंबरी त्यांनी लिहिली होती, तीही स्वतःच्या नावानं. नोकरी आणि कादंबरी एका घरात नांदू शकतात, याचा पुरावा या रस्त्याच्या पाटीवरच आहे.

आता नावाची निवड. मराठी रहस्यकथेतलं सर्वांत यशस्वी टोपणनाव बाबूराव अर्नाळकर. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म 1906 चा, मृत्यू 1996 चा. अर्नाळा हे विरारजवळचं समुद्रकाठचं गाव. गावावरून आडनाव, त्यापुढे घरातल्या माणसासारखं ‘बाबूराव’. उच्चारायला सोपं, लक्षात राहणारं, आणि त्यातून विद्वत्तेचा आव येत नाही. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू या नायकांच्या हजाराहून अधिक कथा या नावानं आल्या. फिरत्या वाचनालयांत, रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर वाचक ‘नवा अर्नाळकर’ मागत. लेखकाचं नावच वस्तूचं नाव होणं, यापेक्षा टोपणनावाचं मोठं यश नाही. समीक्षेनं या माणसाला जेवढी जागा द्यायला हवी होती तेवढी दिली नाही. मराठीतल्या कित्येक पिढ्यांना वाचायची सवय याच पातळ पुस्तकांनी लावली.

नवं नाव निवडताना काही गोष्टी तपासाव्यात. त्या नावाचा खरा माणूस बडोद्यात, निदान आपल्या व्यवसायात, नसावा. खुनाच्या कादंबऱ्या एखाद्या खऱ्या डॉक्टरच्या नावावर जमा झाल्या तर त्याला त्रास होईल आणि लेखकालाही. नाव देवनागरीत, गुजराती लिपीत आणि रोमनमध्ये एकाच पद्धतीनं लिहिता यावं. इंटरनेटवर शोधताना तीन वेगळी स्पेलिंगं निघाली तर वाचक हरवतो. आडनावावरून मराठी वाचक गाव आणि जात दोन्ही ताडतो, त्यामुळे त्याची निवड विचारानं करावी. आईचं माहेरचं आडनाव, स्वतःच्या नावाची आद्याक्षरं, सोसायटीचं नाव यांपासून दूर राहावं. ओळखणारे सगळ्यात आधी तिथेच पाहतात.

नावाला पदवी किंवा हुद्दा जोडण्याचा मोह होतो. शांता शेळके यांनी काही चित्रपटगीतं ‘डॉ. वसंत अवसरे’ या नावानं लिहिली. हिंदीत ‘कर्नल रंजीत’ गाजला. त्यामागे मखमूर जालंधरी हे उर्दू कवी होते. गीतात किंवा जुन्या पॉकेटबुकात हे खपून गेलं. आज ‘निवृत्त पोलीस निरीक्षक’ असं बिरुद लावून तपासकथा विकणं म्हणजे वाचकाची फसवणूक, आणि ते करू नये. जे. के. रोलिंगनं 2013 च्या एप्रिलमध्ये रॉबर्ट गॅलब्रेथ या नावानं ‘द कुकूज कॉलिंग’ आणली, तेव्हा मलपृष्ठावर लेखक माजी लष्करी पोलीस असल्याचं छापलं होतं. पहिलीच कादंबरी, ती लष्करातल्या माणसाची, आणि इतकी सफाईदार! काही वाचकांच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. स्पेनमध्ये याहून मोठं प्रकरण झालं. कार्मेन मोला या नावानं रक्तरंजित गुन्हेकथा लिहिणारी बाई प्राध्यापिका आहे, तीन मुलांची आई आहे, असं सांगितलं जात होतं. 2021 मध्ये दहा लाख युरोंचं प्लानेटा पारितोषिक स्वीकारायला मंचावर आले तीन पुरुष: होर्हे दियास, अगुस्तिन मार्तिनेस आणि अंतोनिओ मेर्सेरो. माद्रिदमधल्या एका स्त्रीवादी पुस्तकांच्या दुकानानं मोलाची पुस्तकं शेल्फवरून काढली. राग टोपणनावाचा कमी होता, त्या रचलेल्या आयुष्याचा जास्त होता. म्हणून मलपृष्ठावर थोडं लिहावं आणि खरं लिहावं: ‘लेखक पश्चिम भारतात राहतात, हे त्यांचं टोपणनाव आहे.’ इतकं पुरे.

ओळख कुठून फुटते, याचा अभ्यास केला तर तीन वाटा पुन्हा पुन्हा दिसतात. त्यातली पहिली कागदाची. स्टीफन किंगनं 1977 पासून रिचर्ड बाकमन या नावानं पाच कादंबऱ्या छापल्या. वॉशिंग्टनमधल्या पुस्तकांच्या दुकानात काम करणाऱ्या स्टीव्ह ब्राउनला वाचताना संशय आला. तो काँग्रेसच्या ग्रंथालयात जाऊन कॉपीराइटच्या नोंदी पाहत बसला. बहुतेक नोंदी एजंटच्या नावावर होत्या, पण सर्वांत जुन्या पुस्तकाची नोंद खुद्द किंगच्या नावावर निघाली. 1985 मध्ये गुपित संपलं. भारतातही कॉपीराइट नोंदवही कुणालाही पाहता येते. नोंदणी सक्तीची नाही. लेखन पूर्ण होताच हक्क निर्माण होतो. त्यामुळे बंद टोपणनाव हवं असेल तर नोंदणी करायची की नाही, कोणत्या नावानं करायची, हे वकिलाला विचारून ठरवावं. हस्तलिखिताची तारखेसह प्रत, प्रकाशकाशी झालेला पत्रव्यवहार, कच्चे खर्डे हे सगळं जपलं की लेखक आपणच हे सिद्ध करता येतं.

दुसरी वाट पैशाची. एलेना फेरांते या इटालियन लेखिकेचा माग 2016 मध्ये पत्रकार क्लाउदिओ गात्ती यांनी काढला तो प्रकाशन संस्थेतून गेलेल्या रकमा आणि घरखरेदीचे व्यवहार जुळवून. आपल्याकडे मानधन पॅन क्रमांकाच्या खऱ्या नावावरच येतं, त्यावर कर कापला जातो, म्हणजे प्रकाशकाच्या हिशेब विभागाला खरं नाव कळणारच. करापासून लपायचा विचारही मनात आणू नये. ते नाव किती जणांना दिसतं, एवढं मात्र मर्यादित ठेवता येतं. प्रकाशन संस्थेत मालक आणि हिशेबनीस अशा दोघांनाच माहिती असेल, असं करारात लिहून घ्यावं. स्वतःच पुस्तक विकणाऱ्यांनी यूपीआयकडे लक्ष द्यावं: क्यूआर कोड स्कॅन करताच बँकेतलं खरं नाव झळकतं. कुरिअरच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता, व्हॉट्सअपवरचा फोटो, वर्डच्या फाइलमध्ये आपोआप नोंदलं जाणारं लेखकाचं नाव, मोबाइलनं काढलेल्या फोटोतलं ठिकाण, या सगळ्यांतून अलकापुरी उघडी पडते. स्वतंत्र ईमेल, स्वतंत्र फोन क्रमांक आणि पीडीएफ पाठवण्याआधी तिची माहिती पुसण्याची सवय, एवढी तयारी पहिल्या दिवशीच करावी. किंडलवर मराठी पुस्तकं प्रसिद्ध करता येतात. तिथे खातं खऱ्या नावाचं आणि मुखपृष्ठ टोपणनावाचं, अशी अधिकृत सोय आहे.

तिसरी वाट माणसांची, आणि सर्वांत जास्त गुपितं याच वाटेनं जातात. रोलिंगचं नाव फोडलं तिच्याच वकिलांच्या कार्यालयातल्या एका भागीदारानं. त्यानं पत्नीच्या मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीनं ट्विटरवर लिहिलं आणि जुलै 2013 मध्ये ‘संडे टाइम्स’नं बातमी छापली. वकिलाला पुढे हजार पौंड दंड झाला. बातमी छापण्याआधी वृत्तपत्रानं भाषेची तपासणीही करून घेतली होती. पॅट्रिक जुओला या संगणकशास्त्रज्ञानं गॅलब्रेथची कादंबरी रोलिंग, रूथ रेंडेल, पी. डी. जेम्स आणि व्हॅल मॅकडर्मिड यांच्या लेखनाशी ताडून पाहिली. शब्दांची लांबी, नेहमीचे शंभर शब्द, शब्दांच्या जोड्या यांचा हिशेब केला आणि कल रोलिंगकडे गेला. बडोद्याच्या मराठी लेखकानं इथे जास्तच सावध राहायला हवं. गुजरातीच्या शेजारात वाढलेल्या मराठीला स्वतःचा बाज असतो, आणि पुण्या-मुंबईच्या संपादकाला तो दुसऱ्याच पानावर कळतो. तो बाज पुसून टाकावा असं इथे सुचवायचं नाही. तो बडोद्याच्या मराठीचा दागिना आहे. मात्र ज्यानं खऱ्या नावानं स्थानिक दिवाळी अंकात दहा लेख लिहिलेत, त्यानं आपल्या लकबींची यादी करून त्या दोन्हीकडे सारख्या येत नाहीत ना, हे पाहावं.

घरातल्या कुणाला सांगायचं? जोडीदाराला, किंवा एका विश्वासू माणसाला. एकाही माणसाला न सांगता दहा वर्षं लिहिणं फार थकवतं. पुस्तकाचं कौतुक झालं की ते वाटून घ्यायला कुणीतरी लागतं.

करारावर सही करताना टोपणनावाची मालकी कुणाची, हे स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावं. हिंदी पॉकेटबुकांच्या जमान्यात काही नावं प्रकाशकांची होती. मुखपृष्ठावर एकच लेखक आणि आत लिहिणारे दर महिन्याला वेगळे, असं चाले. लेखक निघून गेला तरी नाव प्रकाशकाकडे राहायचं. उलट बाजूनं, अलाहाबादहून 1952 मध्ये ‘जासूसी दुनिया’ सुरू करणारे इब्ने सफी, म्हणजे असरार अहमद, यांच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन नकली लेखकांनी बाजार भरून टाकला. म्हणून करारात खरं नाव आणि टोपणनाव दोन्ही असावीत, टोपणनावावर आणि नायकाच्या नावावर हक्क लेखकाचा असं वाक्य असावं, आणि चित्रपट, मालिका, ऑडिओ, अनुवाद यांचे हक्क वेगळे मांडलेले असावेत. भारतीय कॉपीराइट कायदा 1957 चा. हक्क देण्याचा करार लेखीच हवा. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं मानली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ही दोन वाक्यं ठाऊक नसल्यामुळे अनेक मराठी लेखकांनी पुस्तकं कायमची गेली असं समजून पाठपुरावा सोडला.

टोपणनावाच्या पुस्तकाची मुदतही वेगळी मोजतात. खऱ्या नावाच्या पुस्तकाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. टोपणनावाच्या पुस्तकाची साठ वर्षं प्रकाशनानंतरच्या वर्षापासून सुरू होतात. 2026 मध्ये छापलेली कादंबरी 31 डिसेंबर 2086 पर्यंत संरक्षित राहील. त्या मुदतीत लेखकाची ओळख जाहीर झाली तर मात्र मोजणी पुन्हा मृत्यूनंतरच्या साठ वर्षांवर जाते. तरुण वयात लिहिणाऱ्याच्या वारसांना यानं बराच फरक पडतो.

कायद्यापासून टोपणनाव वाचवत नाही, हेही लक्षात ठेवावं. बदनामीची तक्रार न्यायालयात गेली तर प्रकाशकाकडे खरं नाव मागितलं जाऊ शकतं. भारतीय न्याय संहितेचं कलम 356 बदनामीचं आहे. मृत व्यक्तीबद्दल तिच्या कुटुंबाला दुखावण्यासाठी केलेला आरोपही त्यात येऊ शकतो. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख छापणं कलम 72 नुसार गुन्हा आहे. अलकापुरीत घडलेल्या खऱ्या घटनेवर कथा बेतायची असेल तर व्यवसाय, घराची रचना, नाती, काळ हे सगळं बदलावं. नुसतं नाव बदलून भागत नाही.

लेखनाचा कस लागतो तो तपासाच्या तपशिलात. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं कलम 302 आता 103 झालं. मराठी वाचकाच्या कानात ‘तीनशे दोन’ इतकं मुरलंय की लेखकाच्याही हातून तेच उतरतं. कथा 2023 मध्ये घडत असेल तर तेच बरोबर आहे, 2025 मध्ये घडत असेल तर चूक. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण सांगितलंय, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. पूर्वी पंचनाम्यात फेरफार करणारा हवालदार कथानक पुढे ढकलत असे. आता लेखकाला त्या चित्रीकरणाचं काय झालं हेही सांगावं लागेल. त्यातून नवी रहस्यं तयार होतात, ही आनंदाची गोष्ट आहे.

माहिती मिळवायला ओळख सांगावी लागत नाही. न्यायालयातली सुनावणी सर्वसाधारणपणे खुली असते. बडोद्याच्या जिल्हा न्यायालयात एखाद्या खटल्याला शांतपणे बसून ऐकता येतं. साक्षीदार कसा अडखळतो, वकील एकच प्रश्न तीनदा कसा विचारतो, आरोपीचे नातेवाईक कुठे बसतात, हे कोणत्याही पुस्तकात नसतं. निकालपत्रं इंटरनेटवर मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानुसार, संवेदनशील प्रकरणं वगळता, एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. गुजरातमधले एफआयआर गुजरातीत असतात, आणि बडोद्यात वाढलेल्या मराठी लेखकाला ते सहज वाचता येतात. पुण्यातल्या लेखकाकडे ही सोय नाही.

याच शहराचं बाकीचं भांडवलही वापरावं. गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे बारमध्ये बसून विचार करणारा गुप्तहेर इथे चालणार नाही. त्याऐवजी परमिट कुणाचं, बाटली कुणाच्या गाडीत सापडली, हाच धागा होऊ शकतो. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि ऑगस्ट 2024 च्या पुरात त्या वस्त्यांमध्ये आल्या होत्या. अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा भुयारी रस्ता, जोराच्या पावसात पाण्यानं भरतं आणि स्टेशनच्या दोन बाजू तुटतात. आरोपी वेळेत पलीकडे पोचला कसा, या प्रश्नाला यापेक्षा चांगली जागा कुठली? मृतदेह सयाजीराव रुग्णालयात जाईल, शवविच्छेदनाचा अहवाल तिथून येईल. विषाची निवड करताना अगाथा ख्रिस्ती आठवावी. पहिल्या महायुद्धात तिनं टॉर्कीच्या रुग्णालयातल्या औषधविभागात काम केलं होतं. 1920 मध्ये तिची पहिली कादंबरी आली, तेव्हा विषाच्या अचूक वर्णनाबद्दल औषधशास्त्राच्या नियतकालिकानं तिची तारीफ केली. लक्षणं, वेळ आणि तपासणी अचूक लिहावी. तयार करण्याची कृती लिहू नये. त्याशिवायही कथा पूर्ण होते.

रोजच्या वेळेचं काय? सुरेंद्र मोहन पाठक यांनी इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमधली नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं हिंदी गुन्हेकादंबऱ्या लिहिल्या. गुरुनाथ नाईक यांच्या कॅप्टन दीप आणि गोलंदाजाच्या मालिकांसह त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली. असा वेग आज कुणाला परवडणार नाही आणि गरजही नाही. पण या दोघांकडून मालिकेचं गणित शिकावं: एक नायक, एक शहर, ओळखीचे दोन-तीन सहकारी. प्रत्येक पुस्तकात जग नव्यानं उभं करावं लागत नाही. नोकरी करणाऱ्याला पहाटेची किंवा जेवणानंतरची ठरलेली वेळ, आठवड्याला ठरलेली पानं, आणि गुन्हा कुणी केला हे आधीपासून पक्कं असलेला आराखडा, एवढ्यावर वर्षाला एक कादंबरी होते. तपासाची एक वेगळी वही ठेवावी. कोणत्या पात्राला कोणती गोष्ट कधी कळली याची तारीखवार नोंद त्यात असावी. रहस्यकथेतल्या बहुतेक चुका इथेच होतात.

पैशाबद्दल अपेक्षा वास्तव ठेवावी. ओळख उघड होण्यापूर्वी गॅलब्रेथच्या पुस्तकाच्या ब्रिटनमध्ये सुमारे दीड हजार प्रती गेल्या होत्या, असं तेव्हा सांगितलं गेलं. बाकमनचं ‘थिनर’ अठ्ठावीस हजार खपलं, आणि लेखक किंग आहे हे कळताच त्याच्या दहापट. टोपणनावाला मागची पुण्याई नसते. प्रत्येक वाचक नव्यानं मिळवावा लागतो. त्यामुळे पहिली तीन पुस्तकं थोड्या अंतरानं येतील अशी तयारी करून मगच पहिलं प्रकाशकाला द्यावं. सेसिल डे-लुइस हा मोठा कवी, पुढे इंग्लंडचा राजकवी झाला. 1935 मध्ये घराच्या छपराच्या दुरुस्तीला पैसे हवे होते म्हणून त्यानं निकोलस ब्लेक या नावानं पहिली गुप्तहेरकथा लिहिली. ते नाव त्यानं पुढे तीन दशकं चालवलं. कवितेनं जे दिलं नाही ते रहस्यकथेनं दिलं, आणि त्याला त्यात कमीपणा वाटला नाही.

ओळख फुटलीच तर काय करायचं, याचा मजकूर आधीच लिहून ठेवावा. खोटं बोलून नाकारू नये. अगाथा ख्रिस्ती 1930 पासून मेरी वेस्टमॅकॉट या नावानं रहस्याबाहेरच्या कादंबऱ्या लिहीत होती. 1949 मध्ये नाव फुटलं, तिला वाईट वाटलं, तरी त्यानंतरही त्याच नावानं तिनं लिहिलं. रोलिंगही गॅलब्रेथ हेच नाव वापरत राहिली. वाचकाला नावाची सवय झालेली असते. ते टाकून देण्यात नुकसानच आहे. दोन ओळींचं निवेदन द्यावं, प्रकाशकाला त्याच दिवशी कळवावं, कार्यालयाला बातमीतून कळण्याआधी स्वतः सांगावं.

राहिली वारसांची बाजू, जी बहुतेक लेखक विसरतात. कुणालाच माहिती नसलेल्या नावाचं मानधन लेखकाच्या मृत्यूनंतर अडकून पडतं. मृत्युपत्रात कॉपीराइटचा स्वतंत्र उल्लेख करावा. एका बंद पाकिटात टोपणनाव, त्या नावाच्या सगळ्या पुस्तकांची यादी, करारांच्या प्रती, प्रकाशकाचं नाव, ईमेलचा पासवर्ड आणि मृत्यूनंतर ओळख जाहीर करायची की नाही याबद्दलची इच्छा लिहून ठेवावी. पाकीट वकिलाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये राहू द्यावं, आणि दर नव्या करारानंतर त्या यादीत भर घालावी.